संगणकाचे दिवे : जोडणीपूर्वीची परीक्षा

जो दिवा उंच चढवावयाचा, तो प्रथम जमिनीवर पेटवून पाहावा, हा रोषणाईच्या धंद्यांतील जुना दंडक आहे. तुळजापुरांत शारदीय नवरात्र आलें, येरमाळ्यास येडेश्वरीची चैत्री यात्रा भरली किंवा धाराशिव शहरांत ख्वाजा शमसुद्दीन गाजी यांचा उरूस आला, कीं विजेच्या माळा बाहेर निघतात. जाणता कारागीर त्या माळा एकदम कमानीवर बांधीत नाहीं. तो वेटोळें जमिनीवर सोडतो, प्रवाह देतो, कोणता दिवा मंद आहे व कोणता मुका आहे हें पाहतो आणि मगच शिडीवर पाय ठेवतो. जमिनीवर जो दोष पांच मिनिटांत सांपडतो, तोच कमानीवर शोधावयास संध्याकाळ लागते. शिवाय तेव्हां दोष माळेचा, जोडाचा कीं तारेचा, हेंहि निश्चित सांगतां येत नाहीं.

घरीं संगणक जोडणाऱ्यांनींहि हाच दंडक पाळला पाहिजे. परंतु तो क्वचितच पाळला जातो.

तयार संगणक विकत घेण्याऐवजीं मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी, एसएमपीएस, कॅबिनेट असे सुटे भाग आणून ते घरीं जोडण्याची आवड विद्यार्थ्यांत चांगलीच रुजली आहे. अशा कॅबिनेटची एक बाजू बहुधा काचेची असते आणि आंतील पंखे, पट्ट्या, कित्येकदां मेमरीसुद्धां, रंगीत दिव्यांनीं नटविलेली असते. या दिव्यांनीं यंत्राचा वेग तिळभरहि वाढत नाहीं. तेव्हां घरांतील वडील माणसें विचारतात कीं, हा नुसता देखावा. त्याच्या परीक्षेंत वेळ कशाला दवडावा? प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर दिव्यांच्या शोभेंत नसून त्यांच्या जोडणींत आहे. हे दिवे मदरबोर्डाशीं किंवा एसएमपीएसशीं प्रत्यक्ष जोडलेले असतात. त्यांचा एक कनेक्टर चुकीच्या जागीं बसला तर केवळ पट्टीच जळते असें नाहीं. मदरबोर्डावरील तो जोडहि निकामी होऊं शकतो. म्हणजे स्वस्त अलंकाराच्या पायीं महाग वस्तु धोक्यांत येते.

धाराशिव जिल्ह्यांतील कुटुंबास या गोष्टीची झळ अधिक लागते. पुण्यामुंबईचा माणूस बिघडलेला भाग घेऊन त्याच दिवशीं दुकानांत जाऊं शकतो. परंड्याच्या किंवा उमरग्याच्या विद्यार्थ्यास तें शक्य नसतें. त्याचे भाग पुष्कळदां टपालानें वा कुरियरनें येतात. जवळची मोठी बाजारपेठ म्हणावी तर सोलापूर, आणि तें धाराशिव शहरापासूनच सुमारें ७० किलोमीटर आहे. पैसाहि सहज आलेला नसतो. सोयाबीन विकून आलेल्या रकमेंतून तो बाजूला काढलेला असतो. विकणाऱ्यानें माल परत घेण्याची दिलेली मुदत थोड्या दिवसांची असते. त्या मुदतींत संगणक सावकाश जोडला, तारा पाठीमागें नीट बांधल्या, काच बसविली आणि मग कळलें कीं वरच्या पंख्याचा हिरवा रंगच उमटत नाहीं, तर सर्व पुन्हां उकलणें आलें. तोंवर मुदत टळलेली असावी, हेंहि नवल नाहीं.

परीक्षा कशी करावी हें समजण्यापूर्वीं हे दिवे कसे जळतात हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. त्यांत तापून लाल होणारी तार नसते. विशिष्ट घन पदार्थाच्या सांध्यांतून वीज वाहूं लागली कीं तो सांधाच उजेड देतो. यासच एलईडी म्हणतात. असा उजेड पडतो ही गोष्ट हेन्री राउंड यांनीं १९०७ सालीं नमूद केली. १९६२ सालीं निक होलोन्याक यांनीं डोळ्यांस दिसणारा तांबडा उजेड देणारी एलईडी तयार केली. निळ्या रंगानें मात्र शास्त्रज्ञांस फार काळ झुलविलें. तो प्रश्न जपानांत सुटला आणि त्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळा रंग हातीं आल्यावर तांबडा, हिरवा व निळा हे तिन्ही एकाच लहानशा ठिपक्यांत बसवितां येऊं लागले. तिन्ही सारख्या प्रमाणांत जळले कीं डोळ्यास पांढरा उजेड भासतो. बाजारांत ज्यास आरजीबी म्हणतात तें हेंच.

आतां मुख्य भेद. संगणकाचे रंगीत दिवे दोन जातींचे असतात आणि त्या दोहोंची गल्लत हेंच बहुतेक नुकसानीचें मूळ होय. पहिली जात १२ व्होल्टची. तिच्या कनेक्टरास ४ पिना असतात. एका पिनेतून १२ व्होल्ट येतात आणि उरलेल्या तीन पिना हिरवा, तांबडा व निळा या रंगांच्या असतात. अशा पट्टींत सर्व दिवे एका वेळीं एकच रंग दाखवितात. दुसरी जात ५ व्होल्टची. तिला एआरजीबी म्हणतात. तिच्या कनेक्टरांत चार पिनांची जागा असून एक मोकळी असते, म्हणजे पिना तीनच: एक ५ व्होल्टची, एक संदेशाची आणि एक ऋण बाजूची. या जातींत प्रत्येक दिव्याचा रंग निरनिराळा ठेवतां येतो.

हें कसें साधतें? प्रत्येक दिव्याच्या पोटांत एक सूक्ष्म चिप असते. संदेशाच्या तारेवरून दर दिव्यास २४ बिटांचा एक निरोप जातो. तांबड्यास ८, हिरव्यास ८, निळ्यास ८. त्यांतून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ छटा सांगतां येतात. पंगतींत पत्रावळींचा गठ्ठा पहिल्या माणसाच्या हातीं द्यावा, त्यानें एक ठेवून घ्यावी व बाकीचा गठ्ठा शेजाऱ्याकडे सरकवावा, तसा हा प्रकार आहे. पहिला दिवा आपला निरोप ठेवून घेतो व उरलेले पुढें धाडतो. पंगतींतल्या एकानें गठ्ठा अडवून धरला तर पुढील सर्वांच्या पुढ्यांत पत्रावळ येत नाहीं; त्याचप्रमाणें एक चिप मुकी झाली तर पुढचे सारे दिवे, स्वतः निर्दोष असूनहि, अंधारांत राहतात. ही गोष्ट ध्यानांत धरावी. दोष शोधतांना ती फार उपयोगी पडते.

उलट, १२ व्होल्टच्या पट्टींत सामान्यतः तीन तीन दिव्यांचे गट असतात. गटांतील दिवे एकामागें एक जोडलेले आणि गट मात्र एकमेकांशीं समांतर. म्हणून एका गटांत बिघाड झाला तर तेवढे तीनच दिवे त्या रंगापुरते बंद पडतात. पुढचे गट जळत राहतात. शाळेच्या प्रयोगशाळेंत शिकविलेल्या एकसरी व समांतर जोडणीचा हा घरगुती दाखला होय.

यावरून ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टच्या जोडावर बसविल्यास काय होईल, हें सांगावयास नको. तिच्या चिपांवर दुपटीहून अधिक दाब पडतो आणि त्या क्षणांत जळून जाण्याची भीति असते. पिनांची मोकळी जागा हीच खूण समजावी व कनेक्टर बळानें कधींहि दाबूं नये. कित्येक पंख्यांस बनविणाऱ्या कंपनीचा स्वतःचाच वेगळा कनेक्टर असतो. तेथें तर पुस्तिका वाचल्यावांचून हात लावूं नये.

परीक्षेस बसण्यापूर्वीं जागेची तयारी करावी. लांकडी टेबल व त्यावर सुती कापड पुरतें. नायलॉनची सतरंजी किंवा लोकरीचें पांघरूण नसावें, कारण हिवाळ्यांतील मराठवाड्याच्या कोरड्या हवेंत अंगावर स्थिर वीज लवकर सांठते आणि तिचा एक ठिणगीएवढा झटका नाजूक चिपेस पुरेसा होतो. भागांस हात लावण्यापूर्वीं अर्थिंगला जोडलेल्या उघड्या धातूस स्पर्श करावा. भिंतीवरील सॉकेटाचें तिसरें भोंक खरोखर जमिनीशीं जोडलेलें आहे कीं नाहीं, हें वायरमनकडून एकदां तपासून घ्यावें. जुन्या घरांतून तें भोंक नुसतें नांवापुरतें असतें. अशा घरांत संगणकाच्या पत्र्यास हात लावला कीं मुंग्या येतात. तो भास नसून एसएमपीएसच्या आंतून येणारी गळतीची वीज असते. मुरमाड जमिनींत उन्हाळ्यांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून त्यांत अधूनमधून पाणी घालणें हेंहि संगणकाच्या निगेंत मोडतें.

पहिली परीक्षा एसएमपीएसची. तो भिंतींतील २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ व ३.३ व्होल्टची निर्धोक वीज बाहेर देतो. मदरबोर्ड जोडलेला नसतांना तो आपोआप सुरू होत नाहीं. त्याच्या २४ पिनांच्या कनेक्टरांतील सोळाव्या पिनेस ऋण तारेशीं जोडल्यावर तो जागा होतो. कित्येकजण यासाठीं कागदाची टांचणी वांकवून वापरतात. परंतु नव्या एसएमपीएसमध्यें सर्व तारा काळ्याच असतात आणि पीन मोजतांना चूक होणें सोपें असतें. म्हणून या कामासाठीं तयार मिळणारी जोडपीन घेणें शहाणपणाचें. मल्टीमीटर असल्यास १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ एवढें माप आलें पाहिजे. एसएमपीएसचें खोकें मात्र कोणीहि उघडूं नये. आंतील कपॅसिटरांत ३०० व्होल्टहून अधिक दाब सांठलेला असतो आणि तो प्लग काढल्यानंतरहि कांहीं वेळ राहतो.

दुसरी परीक्षा प्रत्यक्ष दिव्यांची. यांत पाळावयाचा नियम एकच: एका वेळीं एकच वस्तु. चार पंखे, दोन पट्ट्या व नियंत्रक असे सर्व एकदम जोडून बटण दाबलें आणि कांहीं जळलें नाहीं, तर सात ठिकाणीं संशय येतो. एक पंखा व नियंत्रक एवढेंच जोडलें तर संशय दोनच ठिकाणीं राहतो. आणि दुसरा पंखा त्याच जागीं लावून पाहिला कीं तोहि फिटतो. प्रत्येक जोडणी करण्यापूर्वीं व काढण्यापूर्वीं वीज बंद करावी. चालू प्रवाहांत कनेक्टर खुपसणें ही वाईट संवय आहे.

१२ व्होल्टची पट्टी तपासणें सोपें. धन तार १२ व्होल्टच्या पिनेस द्यावी आणि ऋण तार क्रमानें हिरवा, तांबडा व निळा या पिनांस लावावी. तिन्ही रंग पाळीपाळीनें उमटले पाहिजेत. ५ व्होल्टच्या पट्टीचा मात्र न्याय निराळा. तिला नुसते ५ व्होल्ट दिले व ती जळली नाहीं, एवढ्यावरून ती सदोष ठरत नाहीं. निरोप आल्यावांचून ती बहुधा पेटतच नाहीं. या एका अज्ञानापायीं चांगला माल परत जातो व तंटे होतात. तिच्यासाठीं एसएमपीएसच्या साटा तारेवर चालणारा लहान नियंत्रक हवा. तो जोडून प्रथम तांबडा, मग हिरवा, मग निळा आणि शेवटीं पूर्ण तेजाचा पांढरा असा क्रम ठेवावा. नाचते रंग डोळ्यांस फसवितात. त्यांत एखादा मुका दिवा लपून जातो. स्थिर रंगांत तो लगेच उघडा पडतो. पांढरा उजेड अर्धा तास तसाच ठेवावा, कारण कांहीं दोष वस्तु तापल्यावरच दिसतात.

दोषाच्या खुणा वाचतां आल्या पाहिजेत. एकच रंग सबंध पट्टींत गैरहजर असेल तर १२ व्होल्टच्या जातींत त्या रंगाची तार वा पीन तुटलेली समजावी. एआरजीबी पट्टीचे पहिले पांच दिवे जळून पुढें सर्व अंधार असेल तर पांचव्या व सहाव्या दिव्यांच्या दरम्यान शोध घ्यावा. पट्टी मुळींच पेटत नसेल तर तिच्यावरील बाणाची दिशा पाहावी. निरोप बाणाच्या दिशेनेंच जातो, उलट जोडल्यास जात नाहीं. रंग लुकलुकत असतील तर बहुधा संदेशाची किंवा ऋण बाजूची पीन सैल असते. आणि पांढरा उजेड पट्टीच्या शेवटाकडे पिंवळट तांबूस होत गेला तर तो दिव्यांचा दोष नव्हे. लांब तारेंत व्होल्ट खर्ची पडतात; निळ्या व हिरव्या एलईडीस सुमारें ३ व्होल्ट लागतात, तांबडीस सुमारें २ पुरतात; म्हणून टंचाईंत तांबडी टिकून राहते. कालव्याच्या शेवटच्या शेतास पाणी कमी पोंचावें, तसेंच हें.

याच वेळीं भाराचें गणितहि करून ठेवावें. एआरजीबीचा एक दिवा पूर्ण पांढरा जळतांना जास्तींत जास्त ६० मिलिअँपिअर वीज घेतो असें धरण्याचा प्रघात आहे. नवे दिवे याहून कमी घेतात. मदरबोर्डावरील एका जोडाची शक्ति अनेक ठिकाणीं ३ अँपिअर असते, कांहीं ठिकाणीं कमी. खरा आंकडा पुस्तिकेंत असतो. ३ अँपिअरास ६० मिलिअँपिअरांनीं भागिलें कीं ५० दिवे येतात. आतां प्रत्येकीं ८ दिव्यांचे ४ पंखे म्हणजे ३२, आणि ३० दिव्यांची एक पट्टी, मिळून ६२ दिवे झाले, त्यांस ३.७२ अँपिअर लागतील. एका जोडास फांटे फोडणारी तार लावली म्हणून त्याची शक्ति वाढत नाहीं; एका नळास चार तोट्या बसविल्यानें विहिरींत पाणी वाढत नाहीं, तसेंच. अशा वेळीं एसएमपीएसकडून थेट वीज घेणारा नियंत्रक वापरणें हाच सुरक्षित मार्ग होय.

कॅबिनेटच्या दर्शनी भागावर यंत्र चालू असल्याचें दाखविणारा एक लहानसा दिवाहि असतो. तो जोडणींत सर्वांच्या शेवटीं आठवतो. त्याच्या दोन तारांस धन व ऋण अशा बाजू आहेत. उलट लागल्यास कांहीं जळत नाहीं, फक्त दिवा पेटत नाहीं. तारा फिरविल्या कीं काम होतें. ३ व्होल्टच्या चपट्या सीआर २०३२ सेलवर तो क्षणभर लावून पाहिला तर धन बाजू कोणती हें आधींच कळतें. निळा वा पांढरा असल्यास मंद उजळेल, पण उजळेल.

परीक्षा झाल्यावर तिची नोंद व्हावी. प्रत्येक तारेस कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर पंख्याचा क्रमांक व व्होल्ट लिहावे. खोकें उघडतांना व प्रथम दिवा पेटवितांना मोबाइलवर चित्रफीत घ्यावी आणि पावती तिच्याबरोबर जपून ठेवावी. याला कायद्याचें कारण आहे. १९८६ च्या कायद्याच्या जागीं आलेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, हा २० जुलै २०२० पासून अंमलांत येऊं लागला. त्यान्वयें ग्राहकास आपण जेथें राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार नेतां येते. पुण्याच्या किंवा मुंबईच्या विक्रेत्याविरुद्ध दाद मागण्यास धाराशिवच्या ग्राहकास तेथवर खेपा घालण्याचें कारण उरलेलें नाहीं. परंतु माल मुळांतच सदोष होता, कीं जोडतांना बिघडला, हा प्रश्न तेथेंहि विचारला जाणारच. पंखा कॅबिनेटमध्यें बसविण्यापूर्वींच तपासलेला असेल व त्याची नोंद असेल, तर या प्रश्नास उत्तर आहे. सर्व जोडून झाल्यावर सांपडलेल्या दोषास तें सहसा नसतें.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. दिवे उजळले म्हणजे संगणक निर्दोष ठरला, असें समजूं नये. मेमरी वा प्रोसेसर बिघडलेला असतांहि रंग झगमगूं शकतात. दिव्यांची परीक्षा दिव्यांपुरतीच आणि फार तर त्यांस वीज पुरविणाऱ्या तारांपुरती. तथापि जो विद्यार्थी एका वेळीं एकच वस्तु तपासून, जें दिसलें तें लिहून ठेवून मगच पुढील जोडास हात घालतो, तो मेमरी व प्रोसेसरहि त्याच शिस्तीनें तपासतो. मदरबोर्ड कॅबिनेटमध्यें कसण्यापूर्वीं त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून तो एकवार सुरू करून पाहतो. अशा संगणकाची काच एकदां बसली कीं ती लवकर काढावी लागत नाहीं.